नावातील लोपचिन्ह आणि संगणकीय प्रश्नवाक्य : ठाण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

ठाण्यातील टेंभी नाका व मासुंदा तलावाचा परिसर हा शहराच्या जुन्या वस्तीचा भाग होय. येथील महाविद्यालये, रुग्णालये व कचेऱ्या यांच्या नोंदींत कुलकर्णी, पाटील यांच्याबरोबरच डी'सोझा, डी'मेलो, डी'सिल्वा ही आडनावेही आढळतात. या आडनावांतील एक लहानसे चिन्ह माहितीसंचाच्या प्रश्नवाक्यात अडथळा का ठरते, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावाचा इतिहास

१५३४ च्या वसई तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व लगतचा प्रदेश पोर्तुगिजांना दिला. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे जिंकले, तर १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. पोर्तुगीज आडनावातील 'द' हा संबंधदर्शक शब्द मूळ नावापासून सुटा लिहिला जाई. पुढे येथील इंग्रजी लेखनात तो नावाला जोडून मध्ये लोपचिन्ह अर्थात अपॉस्ट्रॉफी देण्याची पद्धत रूढ झाली. संस्कृतातील अवग्रहाप्रमाणे हे चिन्हही लोप पावलेल्या स्वराची खूण आहे. ते अलंकार नसून नावाचाच भाग आहे.

अवतरणाची सीमा

दुसऱ्याचे बोलणे कोठे संपते हे सांगण्यासाठी संस्कृतात 'इति' हा शब्द पुरे. मोडी लेखनात तर शब्दांमध्येही अंतर सोडले जात नसे. अवतरणचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या संपर्काने व मुद्रणाबरोबर स्थिरावली. वाचक मानवी असल्याने चिन्ह चुकले तरी संदर्भावरून अर्थ लागतो. यंत्राला ही सोय नाही.

१९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी मांडलेली प्रश्नभाषा पुढे एसक्यूएल या नावाने प्रसिद्ध झाली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकी प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली. या भाषेत मजकुराची सीमा एकेरी अवतरणचिन्हाने दाखवतात. संगणकाच्या आस्की संकेतप्रणालीत लोपचिन्ह व एकेरी अवतरणचिन्ह यांना ३९ हा एकच क्रमांक आहे. अडचणीचे मूळ येथे आहे. आज्ञावलीने चलातील नाव जसेच्या तसे प्रश्नवाक्यात जोडले, तर आडनाव = 'डी'सोझा' असे वाक्य तयार होते. यंत्राच्या दृष्टीने 'डी' येथेच मजकूर संपतो. उरलेले 'सोझा' ते आज्ञा म्हणून वाचू पाहते आणि प्रश्नवाक्य नाकारले जाते.

उपाय व त्यांची मर्यादा

पहिला उपाय चिन्ह दुप्पट करण्याचा : 'डी''सोझा'. प्रमाणभाषेत हा नियम आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी तो पाळणे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून राहते.

दुसरा उपाय अधिक मूलगामी आहे. प्रश्नवाक्यात नावाच्या जागी केवळ स्थानदर्शक खूण ठेवायची व नाव स्वतंत्रपणे पाठवायचे. यंत्र वाक्यरचना आधीच निश्चित करते. नंतर आलेले मूल्य ते आज्ञा म्हणून वाचतच नाही. या विचाराचे बीज १९७० च्या दशकातील आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात दिसते. तेथे कोबोल व पीएल-वन भाषांतील चल प्रश्नवाक्यात थेट वापरता येत. अर्थात तक्त्याचे वा स्तंभाचे नाव अशा रीतीने पाठवता येत नाही. ते पूर्वमान्य यादीतूनच घ्यावे लागते.

महाजालाच्या प्रसारानंतर मजकूर जोडून प्रश्नवाक्ये रचण्याची सवय वाढली. नावातील चिन्ह जर वाक्य मोडू शकते, तर हेतुपुरस्सर लिहिलेला मजकूर नवी आज्ञाही घुसवू शकतो. हा धोका जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात मांडला.

तिसरा मार्ग चिन्हच गाळण्याचा आहे. तो सोपा असला तरी अन्यायकारक आहे. एका कागदावर चिन्हासह व दुसऱ्यावर चिन्हाविना नाव असल्यास एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात आणि ओळख सिद्ध करण्याचा भार निष्कारण तिच्यावर पडतो.

निष्कर्ष

सदर विवेचनावरून असे दिसते की दोष नावात नसून आज्ञा व माहिती यांची सरमिसळ करण्याच्या पद्धतीत आहे. शतकांच्या स्थित्यंतरांतून आलेले आडनाव यंत्राच्या सोयीसाठी बदलणे म्हणजे इतिहासाची एक खूण पुसणे होय. नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नाव जसे आहे तसे स्वीकारावे आणि आपले प्रश्नवाक्य सुधारावे, हेच शास्त्रीय व न्याय्य ठरेल.