अहिंसा (ज्ञानेश्वरीतील)

कोणत्याही जीवाला मनाने, वाचेने वा देहाने पीडा न देणे म्हणजे अहिंसा. पातंजल योगसूत्रांतील पाच यमांत ती पहिली, जैनांच्या पाच महाव्रतांतही पहिलीच. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ती ज्ञानलक्षणांच्या यादीत एका शब्दापुरती येते. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ‘भावार्थदीपिका’ म्हणजेच ज्ञानेश्वरी या गीतेवरील टीकेत याच शब्दावर शंभराच्या आसपास ओव्या रचल्या आहेत.

विवेचनाची सुरुवात परमतखंडनाने होते. यज्ञातील पशुवधाला अहिंसेचे फळ येते म्हणणारे मीमांसक ज्ञानेश्वरांना फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालणाऱ्यांसारखे वाटतात. एका जीवाच्या औषधासाठी मुळे खणणारा, साली सोलणारा आयुर्वेदही सुटत नाही. पाणी गाळण्याच्या आचारावरचा पुढचा रोख जैनांकडे दिसतो. तो काहीसा एकांगी आहे, कारण हेतुपुरस्सर केलेली हिंसा आणि घरकामात टाळता न येणारी हिंसा असा भेद जैन श्रावकाचारात (गृहस्थांच्या आचारनियमांत) केलेला आहेच.

याच ओघात हिंसेच्या भयाने धान्यही न शिजवणाऱ्यांचा उल्लेख येतो. त्यात प्राण कासावीस होतात आणि ही कासाविशीच हिंसा, असे ज्ञानेश्वर म्हणतात. ‘सर्व भूतें’ म्हणताना माणूस स्वतःला सहसा वगळतो. इथे उपाशी राहणाऱ्याचा स्वतःचा जीवही हिशेबात धरला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीरातील भूतसमुदायाला कृश करणाऱ्या घोर तपाचा निषेध आहे, त्याच्याशी हे जुळते. बौद्ध परंपरेतही बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करायला सांगितला आहे.

स्वमत मांडताना मात्र वादाचा सूर मावळतो आणि ज्ञानेश्वर अहिंसकाची चाल, बोल, नजर, हात असे एकेक दाखवत जातात. केसर चुरगळेल या शंकेने भुंगा कमळावर पाय हळुवार ठेवतो, तसे त्याचे पाऊल पडते. पिलाला तोंडात धरणाऱ्या आईच्या दातांची टोके जितकी लागावीत, तितकाच त्याचा स्पर्श. बोलताना आधी स्नेह पाझरतो, अक्षरे मागून येतात. हात एरवी स्वस्थ असतात. हललेच तर नमस्काराला जुळतात किंवा अभय द्यायला उचलले जातात. या सगळ्याचे मूळ ज्ञानेश्वर मनात दाखवतात : बीजच नसेल तर अंकुर कुठून फुटणार?