खुडूक

परवा ओहायोहून लेकीचा फोन आला. "बाबा, एक कोंबडी आजारी पडलीय. खोक्यातून उठतच नाही. हात लावला की पिसं फुगवून टोचते."

"बघून सांगतो," म्हणालो. आता मी काय बघणार? जन्म बीड जिल्ह्यात गेला, उभी हयात शाळेत इतिहास शिकवला, पण आमच्या घरात कोंबडी कधी आलीच नाही.

लेकीलाही हे सगळं नवंच. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला होता. बर्ड फ्लूपायी तिथे कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. तेव्हा हिने सहा पिल्लं मागवली, आणि ती आली चक्क पोस्टाने! मला थट्टाच वाटली. पण तिकडे १९१८ पासून एका दिवसाची पिल्लं टपालाने जातात म्हणे. बाहेर येण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काढतं.

आजारी कोंबडीचा फोटो आला. अंगाने थोराड, पायांवरसुद्धा पिसं. जात विचारली तर म्हणे 'ब्रह्मा'. झालं, आमच्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला!

कोंबडी मूळची आशियातली, रानकोंबड्याच्या वंशातली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वात जुनी खात्रीची हाडं थायलंडमध्ये मिळाली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. माणसाने पिकवलेल्या धान्यामागे हा पक्षी रानातून वस्तीत आला असावा. पुढे १८४० नंतर चीनमधून थोराड कोंबड्या जहाजाने इंग्लंड-अमेरिकेत गेल्या आणि लोकांना खूळच लागलं. १८४९ मध्ये बॉस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. एकेका जोडीला वाटेल ती किंमत येऊ लागली. त्यातल्याच एका जातीला आपल्या ब्रह्मपुत्रेचं नाव चिकटलं, तीच ही ब्रह्मा. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला अशा कोंबड्या नजर केल्या. भाव कोसळल्यावर १८५५ मध्ये त्यानेच या खुळाची टर उडवणारं पुस्तक लिहिलं.

एवढं सगळं वाचलं, पण कोंबडी का उठत नाही ते काही कळेना. शेवटी गल्लीतल्या एका बाईंना फोटो दाखवला. तीस-पस्तीस हंगाम ऊस तोडलेल्या बाई. बघून हसूच लागल्या. "आजारी कशाची गुरुजी, खुडूक बसलीय ती! खालची अंडी काढून घ्या म्हणावं. चार दिवस दुसरीकडं गार जागी डालून ठेवा. दाणापाणी द्या. उठंल आपोआप."

खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणं थांबवते आणि एकवीस दिवस उबवत बसते. खाली अंडं नसलं तरी बसते. लेगहॉर्नसारख्या व्यापारी जातींतून माणसाने निवड करकरून ही सवय जवळपास घालवली, कारण उबवायला यंत्रं आली. ब्रह्मात ती टिकून आहे.

बाई मग कारखान्यावरचं सांगत बसल्या. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये निघाला आणि त्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तिथला ऊस तोडायला पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, केजची माणसं दिवाळीच्या सुमारास निघत. ७२ च्या दुष्काळानंतर तर गावंच्या गावं. ट्रकमध्ये पीठ, भांडी, पोरं आणि वर डालग्यात कोंबड्या. "उचल मुकादमाच्या वहीत जायची गुरुजी. अंड्याचा पैसा तेवढा माझ्या हातात."

शाळेत आम्हाला ते डालगं दिसलं की समजायचं, उद्या वर्गातली निम्मी पोरं गळणार.

तेव्हा एक गोष्ट आठवली. १९८० च्या आसपासची. चौथीतला एक पोरगा दोन तलंगा बगलेत मारून शाळेत आला. "आमी येईस्तवर संभाळता का गुरुजी? मागल्या साली वाटंतच मेल्या सगळ्या." मी रागावलो. शाळेत कोंबड्या आणतात का म्हणालो, परत पाठवलं. आमच्या घरात कोंबडी, लोक काय म्हणतील, हेही मनात होतंच. तो गेला. पुढच्या जूनमध्ये हजेरी घेताना दोन-तीनदा नाव पुकारलं, मग खोडलं. ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? निदान त्या न्यायला तरी तो शाळेत आला असता. पुढे हंगामी वसतिगृहं निघाली, काही मुलं मागे राहून शिकली. त्याच्या वेळी ती नव्हती.

असो. लेकीने तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात कोंबडी ठेवली. पाचव्या दिवशी ती उठून अंगणात उकरायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

म्हणालो, "मला नाही गं. विचारलं एका बाईंना. चाळीस वर्षं आधीच विचारायला हवं होतं."