उसनी केस

आमच्या आजोळी दोन पिढ्या टोचण्यात गेल्या. आजोबा देवी टोचणारे, मावशी उपकेंद्रावरची नर्सबाई. माणदेशातल्या त्या घरात रात्रीची जेवणं उरकली की बापलेकीची जुंपायची: नोकरी कुणाची अवघड?

आजोबांच्या वेळी टोचणारा आला म्हटलं की बायका पोरं कणगीमागं दडवायच्या. घरात देवी आल्यात, सुई लावली तर कोप होईल, हे रोजचंच. आधीचं हत्यार फिरवून कातडं खरवडायचं, पोरं किंचाळायची. मग दुफाटी सुई आली. तिच्या फटीत लशीचा थेंब धरायचा आणि दंडावर भराभर १५ टोचे. आजोबा ते उशीवर बोटानं मारून दाखवत. पायपीट, कुत्री, शिव्या सगळं झालं. पण १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. "काम संपलेलं डोळ्यांनी बघितलेला सरकारी माणूस आहे मी," असं म्हणून ते मिशीवर हात फिरवत.

मावशीचं काम संपणारं नव्हतं. बाळंतपणं, लसी, तांबी आणि सगळ्यांच्या उरावर टार्गेट. आणीबाणीत ते फारच चढलं. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एवढंच. आकडे वरून येतच राहिले. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी 'केस' कुणीतरी दारोदार फिरून आणलेल्या होत्या. केस नाही, तर पगार नाही. महिनाअखेर आली की मावशीला घास गिळवत नसे. रात्री पत्र्यावर उंदीर पळाला तरी साहेबांची जीप आली असं वाटून ती उठून बसे. जिचं बाळंतपण कंदिलाच्या उजेडात केलं, तीच बाई हिला लांबून बघून कडी लावून घेई. ते तिला पगारापेक्षा जास्त लागलं. दोनच वर्षं आधी, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबून आतून जळून गेलेल्या माणसांवर लेख लिहिला होता. मावशीला तो कुठून ठाऊक असणार? ती म्हणे, "पित्त झालंय."

तिला तारलं पलीकडच्या उपकेंद्रावरच्या नर्सनं. महिन्याच्या मीटिंगला दोघी एकाच एसटीनं जात. एकीकडे केस जास्त झाली की ती दुसरीच्या नावावर मांडायची आणि उसनवारीचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर ठेवायचा. याला कुणी खोटं रेकॉर्ड म्हणेल. खुशाल म्हणो; त्या एसटीच्या तासाभरात दोघी साहेबांना यथेच्छ शिव्या घालत आणि हलक्या होऊन घरी येत.

१९९६ मध्ये सरकारनं टार्गेटची पद्धत अधिकृतपणे मागे घेतली. आता मामेबहीण एएनएम, म्हणजे मावशीसारखीच नर्सबाई, आहे. गेल्या दिवाळीत तिचा उतरलेला चेहरा बघून मावशीनं तिला उसनवारीची युक्ती सांगितली.

"आत्या, आता सगळं मोबाइलवर भरायचं. लोकेशनसकट फोटो टाकावा लागतो. उसनं काय देणार?"

"बरं. मग मीटिंगला एकत्र तरी जाता की नाही?"

"मीटिंग पण मोबाइलवरच असते."