आवाजाला नाव कोणी द्यायचे? घरगुती संगीत-सर्व्हरच्या इतिहासातील एक प्रश्न

संगीताच्या साठवणीचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी मेणाच्या नळ्या, मग लाखेच्या तबकड्या, मग लाँग प्ले, कॅसेट, सीडी आणि शेवटी संगणकातील फाइल. हा क्रम खरा आहे; पण त्यात एक गोष्ट निसटते. आवाज साठवणे वेगळे आणि साठवलेला आवाज हवा तेव्हा सापडणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी नाव लागते आणि नावांची सूची लागते. तालिकेत नसलेले पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखेच असते, हे ग्रंथालयात वावरणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

गेल्या पाव शतकात संगीतसंग्रहाचे एक नवे घरगुती रूप तयार झाले आहे. घरातल्या नेटवर्कला जोडलेली, दोन-चार हार्ड डिस्क बसवलेली एक पेटी असते. तिला बोलीत ‘नॅस’ म्हणतात. तिच्यावर संगीत-सर्व्हरचा प्रोग्राम चालतो. तो साऱ्या फाइली चाळतो, प्रत्येकीत लिहिलेली नावे वाचतो, त्यांची तालिका करतो आणि फोन, संगणक किंवा दिवाणखान्यातले ध्वनियंत्र मागेल ते गाणे त्याच्याकडे पाठवतो. या रचनेत सर्व्हर गाणे ऐकत नाही, फक्त नाव वाचतो. म्हणून घरगुती सर्व्हरचा खरा इतिहास हा नावे देण्याच्या अधिकाराचा इतिहास आहे, असे मला वाटते. हा अधिकार कलावंताकडून कंपनीकडे, कंपनीकडून अनोळखी स्वयंसेवकांकडे आणि अखेर घराकडे कसा आला, हे पाहण्यासारखे आहे.

*

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपता संपता गायिका इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. तिचे कारण व्यावहारिक असल्याचे सांगितले जाते. मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना ना भाषा कळत होती ना गायकी. कागदी चिठ्ठी हरवली तरी आवाजातच नाव असावे, म्हणून ही उद्घोषणा. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला, पुढे लेबले आणि छापील सूच्या नियमित झाल्या आणि ही प्रथा मागे पडली. नाव आवाजातून निघून कागदावर आले. ते लिहिण्याचा अधिकारही कंपनीकडे गेला.

कंपनीच्या कागदांत चुका होत्या, पण तबकडीवर एक आधार कायम होता, तो म्हणजे लेबलाजवळ उमटवलेला मुद्रणक्रमांक. मायकेल किनिअर यांनी भारतातील आरंभीच्या मुद्रणांची जी सूची १९९४ मध्ये ग्रंथरूपाने दिली, किंवा मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून जे काम केले, त्यामागे अशाच क्रमांकांचा पाया आहे. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला पुष्पिकेचे जे महत्त्व, ते तबकडीच्या अभ्यासकाला या क्रमांकाचे.

*

संगीत फाइलमध्ये शिरले तेव्हा लेबल आणि क्रमांक दोन्ही गळाले. ‘.एमपीथ्री’ हे फाइलींचे आडनाव १९९५ मध्ये ठरले. सीडीवरील ध्वनी सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा घेतो; एमपीथ्रीने तो १२८ किलोबिटांवर, म्हणजे साधारण अकराव्या हिश्श्यावर आणला. पण या फाइलीत गाण्याचे नाव लिहायला जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केंप यांनी तोड काढली: फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांचे एक शेपूट जोडायचे. त्यात गाण्याचे नाव ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, टिपण ३० आणि संगीतप्रकारासाठी एक बाइट. उरलेले ३ बाइट ही खूण ओळखण्यासाठी. हाच आयडीथ्री टॅग.

या १२८ बाइटांत एक संपूर्ण संगीतदृष्टी दडलेली आहे. संगीत म्हणजे गाणे. गाण्याला एक कलाकार असतो. गाणे एका अल्बमचा भाग असते. संगीतप्रकारांच्या मूळ यादीत ८० नोंदी होत्या. तीत ‘पोल्का’ला स्वतंत्र जागा होती, ख्याल, ठुमरी, नाट्यपद यांना मात्र ‘क्लासिकल’ किंवा ‘एथ्निक’ यांपैकी एक निवडणे भाग होते. लिपीचेही तसेच. हा टॅग रोमन अक्षरे गृहीत धरूनच बेतलेला होता. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने ‘बालगंधर्व’ २७ बाइटांत बसते. पण ‘भीमसेन जोशी’ला मधली मोकळी जागा धरून ३१ बाइट लागतात. भीमसेनांचे नाव एका बाइटने बाहेर राहते!

यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. एका माणसाने आपल्या गरजेपुरती सोय केली आणि ती जगाची चौकट झाली. १९९८ नंतरच्या आवृत्त्यांत लांबीचे बंधन गेले, युनिकोड आले. २००१ मध्ये जोश कोल्सन यांचे ‘फ्लॅक’ आले. त्यात ध्वनीची काहीही हानी न होता फाइल बरीच लहान होते. आणि नावे लिहिण्यासाठी त्यात ठरावीक रकानेच नसतात. रकान्याचे नाव रोमनमध्ये, पण तुम्ही ठरवाल ते. मजकूर कोणत्याही लिपीत. एकच रकाना कितीही वेळा. राग, ताल, बंदिश, घराणे, स्थळ, साथीदार अशा सगळ्यांना जागा झाली. तरीही बहुतेक संग्रह ‘कलाकार–अल्बम–गाणे’ याच त्रयीत अडकून राहिले, कारण चौकट आता फाइलीत नसून सवयीत होती.

*

हे टॅग भरायचे कोणी? प्रत्येकाने आपापल्या सीडीची नावे टंकण्यापेक्षा एकाने टंकावीत आणि सर्वांनी वापरावीत, या विचारातून सीडीडीबी ही सामायिक सूची १९९० च्या दशकात उभी राहिली. जगभरच्या लोकांनी फुकट श्रम करून ती भरली. पुढे ती एका कंपनीकडे गेली, ‘ग्रेसनोट’ झाली आणि तिच्या वापरावर व्यापारी अटी आल्या. ज्यांनी नावे लिहिली त्यांचा त्या नावांवर हक्क उरला नाही. या संतापातून ‘फ्रीडीबी’ आणि ‘म्युझिकब्रेन्झ’ असे खुले पर्याय निघाले. फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडली. म्युझिकब्रेन्झचा कारभार २००४ पासून एका विनानफा प्रतिष्ठानाकडे आहे.

संग्रहाच्या बाबतीत असाच धडा २००० मध्ये मिळाला. एमपीथ्री डॉट कॉम या कंपनीने एक सेवा सुरू केली: तुमच्याकडची सीडी संगणकात घालून दाखवा, मग तीच गाणी आमच्या सर्व्हरवरून कुठेही ऐका. न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती जेड रेकॉफ यांनी हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरवले, कारण सर्व्हरवरची प्रत श्रोत्याच्या सीडीची नव्हती, कंपनीने स्वतः करून ठेवलेली होती. कल्पना चांगली होती, प्रत चुकीच्या घरात होती.

२००१ मध्ये कॅलिफोर्नियातील स्लिम डिव्हाइसेस या छोट्या कंपनीने ‘स्लिमपीथ्री’ हा वादक बाजारात आणला. त्यात डिस्क नव्हती. घरातल्या संगणकावर चालणाऱ्या सर्व्हरकडून तो तारेने गाणे आणी. सर्व्हरचा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली होता; ही बाब तेव्हा गौण वाटली असेल, पण पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये तिचे ‘स्क्वीझबॉक्स’ वादक बंद केले, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही संपवली. तरी घरोघरचे वादक मुके झाले नाहीत. सर्व्हर वापरणाऱ्यांनीच सांभाळला होता. आज तो ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने चालतो. ‘सबसॉनिक’चे तसेच झाले. त्याच्या कर्त्याने २०१६ मध्ये पुढील आवृत्त्यांची संहिता खुली ठेवणे थांबवले; पण सर्व्हर आणि फोन यांनी कसे बोलायचे याचे त्याने घालून दिलेले नियम ‘एअरसॉनिक’, ‘नॅव्हिड्रोम’ अशा इतर सर्व्हरांनी पुढे चालवले.

याच काळात गूगल प्ले म्युझिक लोकांची स्वतःची ५०,००० पर्यंत गाणी ठेवून घेत होते. ते २०२० च्या अखेरीस बंद झाले. गाणी दुसऱ्या सेवेकडे हलवण्याची सोय होती, पण मुदत आणि जागा ठरवली कंपनीने. यंत्र जुने होणे आणि दार बंद होणे यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

*

संग्रह घरी आला. आता त्यात आपले संगीत ठेवून पाहू.

१९१६ च्या ‘स्वयंवर’मधील एखाद्या पदाची बालगंधर्वांची तबकडी घ्या. नाटक आणि पदरचना कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गळा बालगंधर्वांचा आणि गाणारी व्यक्ती म्हणजे रुक्मिणी. ‘कलाकार’ या रकान्यात कोण? सर्व्हर तर एक नाव मागतो. पुढे अल्बम, तबकडीला दोन बाजू असतात, अल्बम नसतो. नाटकाचे नाव अल्बम म्हणून लिहिले तर त्याच पदाची वेगवेगळ्या पिढ्यांतील मुद्रणे एका नावाखाली गोळा होतात. पाहायला गेले तर हे सोयीचे. पण मग ‘अल्बम’ या शब्दाचा अर्थ बदलला आहे, याची नोंद कुठे तरी हवी.

ख्यालात अडचण आणखी खोल आहे. म्युझिकब्रेन्झमध्ये राग आणि ताल यांची नोंद करता येते, पण ती ‘कृती’च्या पातळीवर. पाश्चात्य संगीतात कृती आधी लिहिली जाते आणि वादन हा तिचा प्रयोग असतो. ख्यालात कृती कोणती? चार ओळींची बंदिश, की त्या संध्याकाळी झालेला तासाभराचा विस्तार? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका नाही. मौखिक परंपरेतील ओवीची ‘मूळ संहिता’ शोधताना आपण याच भिंतीवर आदळतो.

लहान गोष्टीही बोलक्या आहेत. अनेक सर्व्हर वर्णानुक्रम लावताना इंग्रजी ‘द’, स्पॅनिश ‘एल’, फ्रेंच ‘ले’ ही उपपदे आपोआप वगळतात. ‘पंडित’ आणि ‘उस्ताद’ वगळायचे त्यांना ठाऊक नसते. त्यामुळे सारे पंडित ‘प’खाली दाटीने बसतात आणि ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ हे तीन निरनिराळे गायक होतात. ‘भूप’ आणि ‘भूपाली’, ‘मालकंस’ आणि ‘मालकौंस’ यांचेही तेच. पण ती वगळायच्या शब्दांची यादी बदलता येते, आणि एकच रूप प्रमाण मानून बाकीची रूपे टिपणात ठेवता येतात. हे काम म्हणजे पाठनिश्चितीच आहे. पाठभेद पुसायचे नसतात, नोंदवायचे असतात.

*

प्रकाशित ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत यंत्र थोडी मदत करते. ‘अकूस्टआयडी’सारखी पद्धत आवाजाचा ठसा घेऊन तो माहीत असलेल्या ठशांशी जुळवते. पण ती ओळखते ते मुद्रण, राग नव्हे. त्याच गायकाने तोच राग दुसऱ्या रात्री गायला असेल तर तो ठसा कामाचा नाही. आणि मराठी घरांतील संग्रहाचा मौल्यवान भाग बहुधा अप्रकाशितच असतो: खाजगी बैठकी, गणेशोत्सवातील गाणी, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली प्रसारणे. अशा कॅसेटवर पुष्कळदा केवळ आडनाव किंवा तारीख असते, कधी तेही नसते. जगातल्या कोणत्याही सूचीत तिची नोंद नाही. १९०२ च्या तबकडीप्रमाणे या गाण्यांच्या शेवटी नावही उच्चारलेले नाही.

म्हणून सर्व्हर उभारणे हे तांत्रिक काम मानले तर ते एका दिवसात संपते. सूचीकाराचे काम मानले तर त्याला वर्षे लागतात. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवण्याची पद्धत एक डिस्क बिघडली तर संग्रह वाचवते, पण चुकीने पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते, आणि चुकीचे लिहिलेले नावही दोन्हींवर तितक्याच निष्ठेने उतरते. वेगळ्या जागी ठेवलेली स्वतंत्र प्रत पहिल्या संकटावर उपाय आहे. दुसऱ्यावर उपाय एकच: नाव लिहिताना ते कशावरून लिहिले हेही लिहावे. कॅसेटच्या वेष्टनावरून, तबकडीच्या क्रमांकावरून, की जाणकाराने ऐकून सांगितले म्हणून? खात्री नसेल तर रागाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह द्यावे. टॅगच्या रचनेत ‘बहुधा’ या शब्दासाठी रकाना कोणी ठेवलेला नाही; तो आपणच निर्माण करायला हवा.

नावे देण्याचा अधिकार शंभर वर्षांनी घरी परत आला आहे. त्याबरोबर कंपनीच्या सूचीविभागाची, ग्रंथपालाची आणि संपादकाची जबाबदारीही आली आहे, आणि ती पार पाडायला वेळ मर्यादित आहे. कॅसेटची फीत अजून काही वर्षे वाजेल. पण दोन आलापांत गायक ओळखणारे, त्या बैठकीला स्वतः हजर असलेले श्रोते आता वयाने थकले आहेत. त्यांना विचारून जे नाव आज लिहिले जाणार नाही, ते उद्या कोणताही सर्व्हर शोधून देणार नाही.