डायलिसिस-विद्रावाची जडणघडण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त कृत्रिम रीतीने शुद्ध करण्याच्या उपचारास डायलिसिस किंवा अपोहन असे म्हणतात. या उपचाराचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु यंत्रातील अर्धपार्य पटलाच्या एका बाजूस रक्त, तर दुसऱ्या बाजूस क्षारयुक्त विद्राव असतो. रक्तातून काय बाहेर जावे व रक्तात काय यावे, हे मोठ्या प्रमाणात हा विद्रावच ठरवितो. त्याची घडण केवळ शरीराच्या गरजेतून झाली नाही. तो तयार करण्याच्या सोयीचाही तीत मोठा वाटा होता.

आरंभीचा काळ :
थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये 'डायलिसिस' ही संज्ञा रूढ केली. जर्मनीतील गीसेन येथे गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये हा प्रयोग प्रथम मानवावर केला. नेदरलँड्समधील काम्पेन येथे विलेम कोल्फ यांनी १९४३ पासून फिरत्या पिंपाचे यंत्र वापरले आणि १९४५ मध्ये त्यांची एक रुग्ण प्रथमच बरी झाली. कोल्फ यांच्या विद्रावात मीठ, पोटॅशियम क्लोराइड, ग्लुकोज व सोडियम बायकार्बोनेट, म्हणजेच खाण्याचा सोडा, हे घटक होते. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील अम्लता वाढते. ती कमी करण्यासाठी बायकार्बोनेट आवश्यक असते.

तथापि, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकाच विद्रावात फार काळ टिकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसतो. म्हणून टाकीत हा वायू सतत सोडावा लागे.

अॅसिटेटचा स्वीकार :
सिएटल येथे १९६० पासून बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दीर्घकालीन डायलिसिस सुरू केले. तेव्हा टिकाऊ व संहत विद्रावाची निकड भासू लागली. १९६४ मध्ये मियों, स्क्रिब्नर व सहकाऱ्यांनी बायकार्बोनेटऐवजी सोडियम अॅसिटेट सुचविले. अॅसिटेटचा साका होत नाही आणि शरीरात त्याचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते. या सोयीमुळे उपचाराचा प्रसार सुलभ झाला.

परंतु अधिक कार्यक्षम पटले आल्यावर अॅसिटेट शरीराच्या पचविण्याच्या क्षमतेपेक्षा वेगाने रक्तात शिरू लागले. रक्तदाब घसरणे, मळमळ व डोकेदुखी यांनी रुग्ण त्रस्त झाले. बायकार्बोनेटने हा त्रास कमी होतो, हे १९७८ मध्ये सिएटलच्याच गटाने दाखविले. त्या संशोधकांत स्क्रिब्नर स्वतः होते. पुढे आम्लयुक्त व बायकार्बोनेटयुक्त असे दोन वेगळे विद्राव यंत्रातच पाण्याशी मिसळण्याची पद्धत रूढ झाली. त्यांच्या संयोगातून थोडा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो व साका टळतो. जुन्या टाकीत बाहेरून सोडला जाणारा वायू आता विद्रावातच तयार होऊ लागला.

पाणी : दुर्लक्षित घटक
मिनिटाला ५०० मिलिलिटर या गतीने चार तासांच्या एका उपचारास सुमारे १२० लिटर विद्राव लागतो. साहजिकच पाण्यातील अल्पसा दोषही घातक ठरतो. १९७६ मध्ये डेन्व्हर येथील आल्फ्रे व सहकाऱ्यांना, डायलिसिसवरील ज्या रुग्णांचा मेंदूविकाराने मृत्यू झाला होता, त्यांच्या मेंदूत अॅल्युमिनियमचे मोठे प्रमाण आढळले. काही अॅल्युमिनियम औषधांतून येत असे. परंतु तुरटीने शुद्ध केलेले नळाचे पाणी हाही त्याचा महत्त्वाचा स्रोत असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे निळ्या-हिरव्या शैवालाचे विष असलेले पाणी वापरले गेल्याने ५० हून अधिक रुग्ण दगावले. पिण्याचे पाणी आणि डायलिसिसचे पाणी यांचे निकष भिन्न असले पाहिजेत, हा धडा अशा घटनांतून मिळाला.

निष्कर्ष :
आज या विद्रावात दर लिटरमागे सर्वसाधारणपणे सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम बहुधा २ ते ३, कॅल्शियम १.२५ ते १.७५ आणि बायकार्बोनेट ३० ते ४० मिलिमोल असते. हे आकडे स्थिर सूत्रासारखे भासले, तरी त्यांमागे अनेक दशकांची दुरुस्ती आहे. अॅसिटेटच्या सोयीने अनेकांपर्यंत उपचार पोहोचविला, हे मान्य करावे लागते. परंतु त्या सोयीची किंमत रुग्णांच्या शरीराने मोजली. म्हणूनच विद्रावाचा प्रत्येक घटक, आणि त्यातही पाणी, औषधाइतक्याच काटेकोरपणे पारखला जाणे अगत्याचे आहे.