सोनेरी पंचवीस मिनिटं

गेले काही भाग आपण लढायांवर बोललो. आज विषय घरातला आहे, पण इतिहासाचाच. अख्खं कुटुंब एका फोटोत बसवायचं तर उजेड कुठला घ्यायचा आणि तो किती वाजता मिळतो?

आमच्याकडे १९२८ सालचा एक फोटो आहे. साताऱ्याच्या वाड्याचं अंगण, पणजोबा खुर्चीत, शेजारी पणजी, मागे मुलं-सुना. माझी नोकरी तोफखान्यात झाली, त्यामुळे सावली दिसली की वेळ काढायची खोड आहे. पणजीच्या पायाशी जेमतेम वीतभर सावली आहे, म्हणजे भर दुपार. सूर्य डोक्यावर असल्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे. पणजोबांचे डोळे कसे होते ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. त्या फोटोग्राफरला मी कित्येक वर्षं मनातल्या मनात नावं ठेवली. चार-पाच तास थांबला असता तर काय बिघडलं असतं?

पुढे वाचन वाढलं तेव्हा कळलं, त्याच्याकडे दुसरा मार्ग फारसा नव्हता.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफी जाहीर झाली, तेव्हा चांगल्या उन्हातही काही मिनिटं हलायचं नाही अशी अट होती. १८५१ साली ओल्या काचेची रीत आली आणि मिनिटांची सेकंदं झाली. ही विद्या आपल्याकडे लवकर पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले जाणते फोटोग्राफर होते. पण त्या काचेला एक खोड होती. तिला प्रकाशातला निळा भाग तेवढा दिसायचा, पिवळा आणि तांबडा जवळजवळ नाहीच. आपण ज्याला सोनेरी ऊन म्हणतो, ते तिच्या लेखी अंधारासारखंच. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंग मिसळले तर तिला हिरवा-पिवळाही दिसायला लागतो. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडलं. त्या धुवायच्या मात्र मिट्ट काळोखात. जुन्या काचा लाल दिव्याखाली, समोर बघत बघत धुता यायच्या. गावोगावच्या फोटोग्राफरनी जुन्याच धरून ठेवल्या, यात नवल नाही. त्यामुळे एक तर स्टुडिओत उत्तरेच्या काचेतून येणारा थंड उजेड, नाही तर अंगणातलं रोखठोक ऊन. साताऱ्याच्या त्या माणसाची मी इथे जाहीर माफी मागतो.

आता घड्याळाकडे येऊ, कारण माझी स्वतःची चूक तिथली आहे.

१ जानेवारी १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावरची. त्याआधी मद्रासची वेळ वेगळी, मुंबईची वेगळी. मुंबईने तर त्यानंतरही कित्येक वर्षं आपलंच घड्याळ चालवलं, नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. जुन्या घड्याळांत एक सोय होती. दुपारी बारा म्हणजे सूर्य डोक्यावर, मग गाव कुठलंही असो. आज वर्षाची सरासरी धरली तर बेंगळुरूत सूर्य माथ्यावर येतो १२.२० च्या सुमारास आणि पुण्यात १२.३५ च्या. त्यात पुणं उत्तरेला, म्हणून उन्हाळ्यात दिवसही तिथे मोठा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य मावळतो सातला, बेंगळुरूत ६.३७ ला. नोव्हेंबरअखेर मात्र हाच फरक पाच-सहा मिनिटांवर येतो. त्यामुळे 'पुण्यापेक्षा इतकं आधी' असं एकच गणित पाठ करून भागत नाही.

निवृत्तीनंतर मी पुण्याहून बेंगळुरूला आलो. २०१७ च्या मे महिन्यात धाकटा भाऊ आणि बहीण कुटुंबासह आले. वडील ८४ वर्षांचे. आमच्या इमारतीच्या गच्चीवर फोटो काढायचं ठरलं आणि वेळ मीच दिली, सगळ्यांनी पावणेसातला हजर. डोक्यात पुण्याचा मे. शिवाय एका इंग्रजी पुस्तकात वाचलेला 'सोनेरी तास'. तीस वर्षं ज्याने उजेड कधी संपतो याची नोंद केल्याशिवाय हालचालीचा हुकूम काढला नाही, त्याने घरच्या कामाला पंचांगसुद्धा उघडलं नाही. आम्ही गच्चीवर पोचलो तेव्हा सूर्य गेलेला होता. खुर्च्या मांडेपर्यंत सात वाजले. शेवटी फ्लॅश मारला. वडिलांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर पांढरे ठिपके आले. पुढच्या जानेवारीत ते गेले. तो त्यांचा शेवटचा फोटो, आणि त्यातही डोळे नाहीत.

आता त्या 'सोनेरी तासा'बद्दल. तो शब्द उत्तरेकडच्या देशांचा आहे. लंडनला जूनमध्ये सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो आणि मावळल्यावरही कामापुरता उजेड पाऊण तास टिकतो. बेंगळुरू तेरा अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ उभा खाली येतो. मऊ, पिवळं ऊन मिळतं ते सुमारे पंचवीस मिनिटं, आणि मावळल्यानंतरचा उजेड वीस-बावीस मिनिटं. साठ मिनिटं कुणी तुम्हाला देणार नाही.

२०२२ च्या डिसेंबरअखेर सगळे पुन्हा जमणार होते. आई ८५ वर्षांची. या वेळी मी आठवडाभर आधी, त्याच वेळेला, तीन दिवस गच्चीवर जाऊन उभा राहिलो. फौजेत याला रेकी म्हणतात. सूर्यास्त सहाचा, पण आमच्या पश्चिमेला उंच इमारत आहे. तिच्याआड सूर्य ५.३५ लाच जातो. म्हणजे आमच्या गच्चीपुरता सूर्यास्त तोच. डिसेंबरात सूर्य सरळ पश्चिमेला नाही, २४ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली नेमकी मी ठरवलेल्या जागेवर पडत होती. जागा बदलली. सूर्य इमारतीआड गेल्यावर सगळ्यांची तोंडं पश्चिमेच्या उजळ आकाशाकडे करायची, म्हणजे डोळे मिचकावे लागत नाहीत आणि भुवयांखाली सावलीही पडत नाही.

मग उलट्या क्रमाने वेळा लावल्या. साडेचारला चहा. आईला नऊवारी नेसायची होती, त्याला अर्धा तास. ५.१० ला सगळे वर. आई सगळ्यात शेवटी, कारण तिला फार वेळ बसवत नाही. नातवाने विचारलं, "आजोबा, ऑपरेशन ऑर्डर छापून देणार का?" दिली. फ्रिजवर चिकटवली.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दादरला सूर्यप्रकाशात चित्रित केला. तेव्हा सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात तासन्‌तास उभ्या राहायच्या असं सांगतात. आमच्याकडे सूनबाईंनी खाटेवरची चादर आणली आणि दोघांनी ती आईच्या समोर, खालच्या बाजूला ताणून धरली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांमधला काळोख कमी झाला. मोबाइल तिपाईवर लावला आणि ५.३६ ला सुरुवात केली. ५.४१ चा फोटो उत्तम आला. आईचे दोन्ही डोळे स्वच्छ, उघडे.

मी "झालं" म्हणालो, तर आई उठेना. "उजेड आहे ना अजून? ह्यांना पण घ्या की."

नातू चार मजले धावत खाली गेला आणि भिंतीवरची फ्रेम घेऊन आला. तोच फ्लॅशचा फोटो, एकट्या वडिलांपुरता कापून मोठा केलेला. आईने पदराने काच पुसली आणि फ्रेम मांडीवर उभी धरली. काचेत सगळं आकाशच आलं, वडील दिसेनात. घड्याळात ५.४९ झाले होते.

"आई, वरची कड जरा पुढे झुकव," मी म्हणालो. "अजून थोडी. हां, आता दिसले."