पणजीबाईंचे नाव

भगिनींनो, मी सातवीपर्यंतच शिकलेली. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

घराण्याचे मूळ शोधावे म्हणून आम्ही नाशकाला तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांच्या वहीत आमच्या पाच पिढ्यांतील पुरुषांची नावे निघाली. बायकांचे एकही नाही. पणजीबाईंविषयी विचारावे तर घरात उत्तर ठरलेले, "त्या घरीच असत." पुढे गावच्या घरी जुन्या पेटीत गिरणीचे बदली कार्ड सापडले. त्यावर नाव पणजीबाईंचे!

मुंबईत ताडदेवला १८५६ साली कावसजी दावरांची कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशा घाटावरच्या आणि कोकणातल्या बायकाही कामाला लागल्या. त्या बहुधा वाइंडिंग आणि रीळ खात्यांत, सुत जितके गुंडाळावे तितकी मजुरी. पहाटे चूल, मग भोंगा. तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवून कित्येक आया कामावर जात. बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला.

हे कळल्यावर मला पणजीबाईंची लाज नाही, अभिमान वाटला. त्यांच्या कष्टावर आजोबा शिकले. पुन्हा नाशकाला जाऊ, तेव्हा वहीत त्यांचे नाव लिहवून घेणार आहे. तुम्हीही आपापल्या सासूबाईंना विचारा. उशीर करू नका.